धुतलेल्या गालिच्यावर

अनगोळातल्या त्या बंगल्यात सकाळभर गुडघ्यांवर बसून मी गालिचा धुतला. पांढरा, लोकरीचा, हॉलभर पसरलेला. मशीननं मळ ओढला, बादलीत काळं पाणी उतरलं. मग बाईंनी देवघरातून तांब्या आणला, तुळशीचं पान बुडवलं आणि माझ्या डोळ्यांसमोर त्या गालिच्यावर गोमूत्र शिंपडलं.

मी पाइप गुंडाळत उभा होतो.

चूक माझीच, असं आधी वाटलं. सवयच तशी. कोगनोळीजवळ हायवेवरच्या हॉटेलात मी खोल्या झाडायचो. गालिचे धुवायला तिथंच शिकलो. नोकरी सोडून जुनं मशीन घेतलं, तेव्हा बरोबरचा एकजण म्हणाला, "कार्डावर नाव घाल. आडनाव कशाला घालतोस?" मी आडनाव घातलं नाही. कुठला म्हणून कुणी विचारलंच तर एक उत्तर पाठ करून ठेवलं होतं. निपाणी, स्टँडच्या मागं.

त्या दिवशी पाठ केलेलं विसरलो. बाईंचे सासरे खुर्चीत बसून काम बघत होते. गोड बोलले. माझ्यासाठी चहा सांगितला. "निपाणीत कुठं रं? माझं आजोळ तिथलंच," म्हणाले. आजोळ ऐकून मी विरघळलो आणि गल्लीचं नाव सांगून बसलो. त्यांनी "व्हय व्हय" केलं आणि सुनेला कन्नडमधून हळूच सांगितलं, हा त्या गल्लीतला आहे. मला कन्नड कळत नसेल असं त्यांना वाटलं. या भागात कुणाला कळत नाही? चहा आला नाही. तांब्या आला.

थेंब पडत होते आणि माझ्या कानात आई बोलायला लागली. तिला जाऊन बरीच वर्षं झाली. तरी येते. ओली लोकर हाताला लागली की येतेच. मी लहान असताना गावातल्या एका लग्नात तिनं मांडवातली जाजमं झोडपून अंथरली होती. अंथरायला आमचे हात चालत होते. दमून मी एका जाजमाच्या कोपऱ्यावर झोपलो. एका माणसानं जाजम हिसकलं, मी मातीत पडलो. ते जाजम परत ओढ्यावर गेलं. धुवायला आईच. "ऊठ रं लेकरा, ऊठ लवकर," एवढंच ती म्हणाली होती. तिनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं. अजून मी घरात सतरंजीवर बसत नाही. बायको अंथरते, मी फरशीवर सरकतो.

गालिचा पुरता सुकला नव्हता. बघता बघता त्यावर पिवळे डाग धरले.

"अगंबाई, हे काय झालं? जरा मशीन फिरवा की परत."

माझा हात बटणापर्यंत गेला. खरंच गेला. त्याची मला आजही लाज वाटते. बाईंच्या भावाचं मंगल कार्यालय आहे. तिथले सगळे गालिचे मला द्यायचं सकाळीच ठरलं होतं. वर्षभराचं काम. त्या एका कामावर माझा धंदा उभा राहणार होता. आई कानात म्हणत होती, ऊठ लवकर.

मी हात मागं घेतला.

"हे डाग मी काढणार न्हाय, ताई."

"का हो? तुमचं कामच हाय की ते."

"माझं काम मघाशीच झालतं."

सासरे म्हणाले, "रागावू नको रं. रीत हाय आमची."

"मग डागबी तुमचंच, आप्पा."

मशीन उचलून मी दारातून बाहेर पडलो. ते टेम्पोत चढवताना रडू आलं. रागाचं रडू. मंगल कार्यालयाचा फोन आला नाही. येणार नव्हताच.

चार दिवसांनी चिकोडीहून एका बाईंचा फोन आला. गालिचा धुता का म्हणून. म्हटलं, "धुतो, पण आधी ऐका." आडनाव सांगितलं. गल्ली सांगितली. मी फोन कानाला तसाच धरून ठेवला. शेवटी त्यांनीच बंद केला.

नवीन कार्ड छापायला टाकलंय. आडनाव मोठ्या अक्षरात, खाली गल्ली. बायको म्हणते, "धंदा बुडंल वो." बुडू दे. परत हॉटेलात खोल्या झाडीन. पण आडनाव लपवून कुणाच्या उंबऱ्याच्या आत पाय टाकणार नाही.