मडिवाळ्याहून तळ्यापर्यंत

बेंगळूरमधला मला सर्वांत आधी पाठ झालेला रस्ता दुधाचा होता. मडिवाळ्यातल्या प्रसूतिगृहातून निघायचं, आडुगोडीवरून पुढे जायचं, लालबागेची भिंत लागली की तिच्या कडेकडेने, आणि मग लहान मुलांचं रुग्णालय. सायकलच्या हँडलला कापडी पिशवी, पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेली काचेची छोटी बाटली, आणि बाटलीत बायकोनं वाटीत पिळून काढलेलं दूध.

नोकरी लागून मी या शहरात आलो त्याला फार दिवस झाले नव्हते. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिलाच. माझ्या शिक्षणासाठी घरच्यांनी जे सोसलं ते आठवलं की इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या त्या कारखान्यात पाऊल टाकताना अजूनही ऊर भरून यायचा. कारखान्याची बस खोलीजवळून न्यायची आणि तिथंच आणून सोडायची, त्यामुळे शहर असं मी पाहिलंच नव्हतं. जुनी सायकल घेतली होती, तीही भाजी आणण्यापुरती.

बायकोला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी सोडायचं ठरलं होतं. तिकिटं काढून झाली होती. त्याआधीच, सातव्या महिन्यात, तिला कळा आल्या. सिझेरियन करावं लागलं. मुलगी झाली, ओंजळीत मावेल एवढी. तिला काचेच्या पेटीत ठेवायला हवं होतं आणि ती सोय तिथं नव्हती. डॉक्टरांनी तिला लगेच दुसऱ्या रुग्णालयात हलवलं. बायको गुंगीत होती. तिनं मुलीला पाहिलंच नाही.

पहिल्या फेरीला मी रस्ता चुकलो. कन्नडात डावीकडे म्हणजे एडक्के आणि उजवीकडे म्हणजे बलक्के, हे मला एका पानवाल्यानं हात धरून शिकवलं. मग पेडल मारता मारता मी ते दोन शब्द घोकत राहिलो. परत आलो की बायको कुशीवर वळायची आणि विचारायची, "कुठून गेलात?"

"आडुगोडीवरून."

"घेतलं तिनं?"

"नळीतून देतात. सगळं घेतलं."

"कुणासारखी आहे?"

"टोपडं घातलंय. कळत नाही."

"टोपड्याखालून नाक तर दिसत असेल की! तुमच्यासारखं असेल तर आत्ताच सांगा, मी मनाची तयारी करते."

ती हसायची आणि टाके दुखले की ओठ आवळायची. मग पुन्हा तोच रस्ता सांगायला लावायची. भिंत कुठं लागते, तिथं सावली असते का, चढ कुठं आहे. जिथवर तिला जाता येत नव्हतं तिथवर ती अशी जायची.

एका सकाळी मी बाटली नेऊन रोजच्या जागी ठेवली. ती आत नेणाऱ्या नर्सनं त्या दिवशी बाटलीला हात लावला नाही. "इल्ला," ती म्हणाली. कन्नडात इल्ली म्हणजे इथं आणि इल्ला म्हणजे नाही. माझ्या कानाला तोवर दोन्ही सारखेच लागायचे. मला वाटलं, इथंच ठेवा म्हणतेय. मी मान डोलावली आणि बाकावर जाऊन बसलो. ती बाहेर आली, माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली, तेव्हा मला कळलं.

आमचे घरमालक मराठीच, पण कित्येक पिढ्यांपूर्वी इथं आलेल्या घराण्यातले. त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड असायचं. सगळी गल्ली त्यांना अण्णा आणि त्यांच्या बायकोला अक्का म्हणायची, आम्हीही तेच म्हणायचो. अण्णा निरोप मिळताच आले. "तू एकटा काय करणार तम्मा?" तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. "मी आहे. स्वल्प पाणी पी आधी."

एवढ्या लहान बाळाला जाळत नाहीत, पुरतात, हे मला ठाऊक होतं. या शहरात कुठं, ते ठाऊक नव्हतं. अण्णा रिक्षावाल्याशी कन्नडात बोलले. माझ्या मांडीवर अक्कांच्या धुतलेल्या पंच्याचं गाठोडं होतं. मी सगळा वेळ त्याच्याकडेच बघत होतो. रिक्षा कुठं वळली, कशावरून गेली, काही पाहिलं नाही. निलगिरीची झाडं तेवढी आठवतात, ओल्या चिखलाचा वास, आणि परतताना हातपाय धुतले तो नळ.

संध्याकाळी बायकोच्या खाटेजवळ जाऊन बसलो. तिला सगळं सांगून झालं होतं. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मग तशीच म्हणाली, "कुठून गेलात?"



तिची आई गावाहून आली. लेकीला घेऊन जायचं म्हणाली. बायकोनं एकच धरलं, "मला जागा दाखवल्याशिवाय मी येणार नाही." आईनं समजावलं. अक्कांनीही समजावलं, "बाळंतिणीनं असलं मनात आणू नये गं." मी अण्णांकडे गेलो. ते ओट्यावर बसले होते.

"सांगणार नाही," ते म्हणाले. "सांगितलं तर ती रोज जाईल. त्या जागेकडे परत बघायचं नसतं तम्मा. आमच्या आईनं आम्हाला हेच सांगितलं."

ते रागानं बोलले नव्हते. माझ्यावर त्यांचे इतके उपकार होते की दुसऱ्यांदा विचारायचं मला धाडस झालं नाही.

मग मी सायकल काढली. आमची आठवड्याची सुट्टी गुरुवारी असायची. दुधाचा रस्ता सोडून मी पहिल्यांदाच इतर रस्त्यांना लागलो. निलगिरी दिसली की थांबायचो. पण निलगिरी या शहरात कुठं नाही? स्मशान म्हटलं की लोक मला मोठ्या स्मशानाकडे धाडायचे. तिथं धुराडं होतं, लोकांची गर्दी होती. मला पाहिजे होती ती जागा ही नव्हे, एवढं कळायचं. ती कशी विचारायची, ते येत नव्हतं. माझ्याकडे कन्नडातले शब्दच मोजके. मगु म्हणजे मूल, सण्ण म्हणजे लहान. मी विचारायचो, "सण्ण मगु, जागा यल्ली?" लहान मूल, जागा कुठं?

एका दुकानदारानं हे ऐकलं, खूश होऊन बाहेर आला, आणि एडक्के, मग बलक्के, असा बोट नाचवत रस्ता सांगितला. मी सांगितल्याप्रमाणे गेलो. समोर रंगवलेलं फाटक होतं, आत घसरगुंडी होती आणि पोरं एका सुरात काहीतरी म्हणत होती. बालवाडी.

मी सायकल धरून तिथंच उभा राहिलो. फाटकावरची आया जवळ आली. मुलीला घ्यायला आलाय असं तिला वाटलं असावं, तिनं नाव विचारलं. आमच्या मुलीला नाव नव्हतं. मी हातानं जमीन उकरल्यासारखं केलं आणि दोन्ही तळवे पालथे घातले. तिनं माझ्याकडे पाहिलं. "अय्यो," म्हणाली, आणि आतल्या पोरांना दिसू नये म्हणून की काय, फाटक लोटून घेतलं. मग रस्त्यापर्यंत माझ्याबरोबर चालत आली. "होगप्पा. केरे हत्तिर." जा बाबा, तळ्याजवळ.

तळ्याच्या बांधाखाली ती जागा होती. त्या दिवशी आम्ही हातपाय धुतले तो नळ दिसला. गळू नये म्हणून त्याला कुणीतरी सायकलची ट्यूब गुंडाळली होती. जागा तीच, यात शंका नव्हती. पण मातीचे लहान लहान उंचवटे पुष्कळ होते. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून प्रत्येकावर दगड ठेवलेले, आणि मधून गवत उगवलेलं. त्यांतला आमचा कुठला, ते मला सांगता आलं नसतं.

पुढच्या गुरुवारी मी बायकोला कॅरिअरवर बसवून नेलं. खड्डा आला की उतरून सायकल हातानं ढकलत होतो. आम्ही निघालो तेव्हा अण्णा ओट्यावरच होते. त्यांनी पाहिलं, आणि पेपर तोंडासमोर धरला.

बांधावर ती उतरली. खाली बघत राहिली.

"कुठली?"

"जागा हीच. पण कुठली ते नाही ओळखता येत."

ती खाली उतरली नाही. रडलीही नाही. एवढ्या सगळ्यांवरून तिची नजर हळूहळू फिरली आणि परत आली.

"इथून आपलं गाव कुठल्या बाजूला?" तिनं विचारलं.

सूर्य डावीकडे कलला होता. मी समोर, तळ्यापलीकडे हात केला.

"आणि गावाहून हे?"

"दक्षिणेला."

"दक्षिण मला नका सांगू. आमच्या परसात उभी राहिले तर?"

मी तिचं माहेर डोळ्यांपुढे आणलं. परसदार कुठं, सूर्य कुठं उगवतो, ते ताडून पाहिलं.

"गोठ्याकडे तोंड करून."

"गोठ्याकडे," ती म्हणाली. पुन्हा एकदा मनाशी म्हणाली. मग पदर सावरून कॅरिअरवर बसली. "चला. आईला बांधाबांध करायची असेल."