अंगातली वीज उतरवणारा

नाशिकरोडच्या दोन दुकानांत "सगळं पुसून नव्यानं टाकावं लागेल" असं ऐकून मी संगणक घरी परत आणला. व्हिडिओ बघून सेटिंग बदलून तो बंद पाडायचा शहाणपणा माझाच होता, आणि गेलेल्या बायकोनं येवल्याच्या माहेराबद्दल लिहिलेलं सगळं त्यातच होतं.

मग एकलहऱ्याहून एक दुरुस्तीवाला आला. नाव विचारायचं राहूनच गेलं. यंत्राला हात लावण्याआधी त्यानं खिडकीचा गज धरला. अंगातली वीज उतरवतो, नाहीतर आतलं काही जळायचं, म्हणाला. मग आतला रुपयाएवढा सेल काढून स्वस्थ बसून राहिला.

"तिचं लिहिलेलं जाईल का हो?"

"नाय काका. फक्त तुमची कारागिरी तेवढी विसरंल ते."

थोड्या वेळानं त्यानं सेल परत बसवला आणि संगणक सुरू झाला. तिची फाइल जागेवर होती. सेल काढल्यामुळं तारीख मात्र तो विसरला होता; कोपऱ्यात आठ वर्षांपूर्वीची दिसत होती.

"आजची टाका, काका."

आठ वर्षांपूर्वी ती याच खुर्चीत बसून लिहायची. माझा हात कीबोर्डवर तसाच राहिला. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि आधीच घट्ट बसलेले स्क्रू तो पुन्हा एकेक करून सावकाश आवळू लागला.