ओट्याची बाजू राहिली

माझ्या बहिणीचं शेवटचं चित्र माझ्यामुळे अर्धवट राहिलं.

आज तिचं पुण्यानुमोदन झालं. मंडळी आत्ताच जेवून गेली.

शैलाताई शाळेत ड्रॉइंग शिकवायची. घरी मात्र तिने आयुष्यभर एकच विषय काढला, आमची वरळीच्या बीडीडी चाळीतली खोली. पाण्याचं पिंप, वाळत घातलेला टॉवेल, आईचा ओटा. खिडकीच्या जाळीत रंगाच्या रिकाम्या डब्यांतून सदाफुली आणि गवती चहा. त्या जाळीला ती "माझं गार्डन" म्हणायची आणि कोणी हसलं की चिडायची.

स्थिरचित्रातली वस्तू जागची हलवायची नसते म्हणे.

एका खोलीत पाच माणसं. हलणार नाही तर काय होणार?

मग ताईने युक्ती काढली. प्रत्येक भांड्याभोवती खडूने रिंगण आखायचं. भांडं वापरा, घासा आणि परत रिंगणात ठेवा.

आई वैतागायची. "शैले, भाजी टाकू का तुझी कढई बघत बसू?"

"टाक ना. फक्त परत ठेवताना कान खिडकीकडे कर."

आणि आई खरंच तसं करायची. वर पाहुण्यांना ओरडायची, "रिंगणात पाय देऊ नका!"

मग चाळीच्या बदल्यात मिळणाऱ्या टॉवरमधल्या घराची चावी मिळाली. मी हवेत. घरात संडास, लिफ्ट, बाल्कनी!

त्याच आठवड्यात ताईने सगळ्यात मोठा कॅनव्हास लावला. अख्खी खोली एकाच चित्रात. सुरुवात खिडकीपासून केली. ओट्यावर चारच्या सुमाराला ऊन यायचं, तेवढाच वेळ ती ओट्यासाठी बसणार होती. तिथपर्यंत पोचली आणि खाली टेम्पो उभा.

"चार दिवस दे रे बाबू. ओट्याची बाजूच राहिलीय."

"ताई, सगळा मजला खाली झालाय. मी फोटो काढतो, त्यावरून कर."

काढला. फ्लॅश मारून.

ती बराच वेळ मोबाईलकडे बघत राहिली. "यात उजेड कुठून आलाय रे?"

मला प्रश्नच कळला नाही. "मोबाईलमधून," म्हणालो. हसलोसुद्धा. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

नवीन घरात तिला वेगळी खोली मिळाली. पांढऱ्या टाईल्स, दार लावून घेता येईल अशी. तिच्या वस्तूंना कोणी हात लावत नव्हतं, कोणाला त्यांची गरजच पडत नव्हती. तिने कॅनव्हास भिंतीला टेकवला, शेजारी मी काढलेल्या फोटोची प्रिंट चिकटवली, आणि ब्रश धुऊन ठेवून दिले.

"दुसरं काहीतरी काढ ना. बाल्कनी आहे, मोठं गार्डन कर," मी म्हणायचो.

"करू," ती म्हणायची.

बाल्कनीसमोर दुसरा टॉवर. गवती चहा महिन्याभरात पिवळा पडून गेला. तिने परत लावला नाही.

मग पोटाचं दुखणं निघालं. काय आहे ते कळेपर्यंत उशीर झाला होता.

हॉस्पिटलमध्ये एकदाच विचारलं तिने. "खोली पाडली का रे?"

"नाही अजून," मी म्हणालो.

पाडली होती. तिथे बांधकामाचे पत्रे लागले होते.

आज तिच्या फोटोमागे ते चित्र लावलं. मामा जवळ जाऊन म्हणाले, "उजवीकडे सगळं पांढरं सोडलंय. मॉडर्न आर्ट ना?"

मी "हो" म्हणालो.

सगळे गेल्यावर आई चित्रासमोर येऊन उभी राहिली. पिंप बघितलं. टॉवेल बघितला. सदाफुलीवर बोट ठेवलं. मग त्या कोऱ्या भागापाशी थांबली.

"सगळं काढलं पोरीने. माझा ओटाच तेवढा गाळला. एवढी काय चुकले होते मी?"

मी तोंड उघडलं. "आई, तिला काढायचा होता, मी चार दिवस दिले नाहीत." एवढंच वाक्य होतं.

नाही बोललो. "पाय दुखतील, बस," म्हणालो आणि खुर्ची दिली.

आई फेसबुक वाचत नाही. म्हणून इथे लिहितोय. तिच्यासमोर बोलायची हिंमत कधी होईल असं वाटत नाही.

ताई, माफ कर असं म्हणायचं तोंड नाही मला.

शेवटचा जय भीम.