वेल्डरच्या आईने पास केलेलं यंत्र

पोतंभर भुईमुगाच्या शेंगा हाताने फोडल्यात कधी? नाही ना? मग तुमचे अंगठे शाबूत असतील, आणि कष्टाचं महत्त्व सांगणारी जीभही.

आमच्या गल्लीतल्या वेल्डरच्या आईचा अंगठा बियाण्याच्या शेंगा फोडून फोडून विळ्यासारखा वाकलाय. पेरायचा दाणा फुटका चालत नाही, तेव्हा बायकांची बोटंच बरी, असं थोर लोक सांगतात. बोटं त्यांची नसतात.

वेल्डरला सगळे ठिणगी म्हणतात; डोकंही तसंच. त्याने खिडक्यांच्या जाळ्यांची कामं बाजूला सारली आणि हाताने फिरवायचं यंत्र केलं. पिंप कापून ड्रम, त्यावर जुन्या टायरच्या पट्ट्या, खाली जाळी, मधल्या फटीत शेंग फुटणार. घरी चाचणी घेतली. एक दाणा फुटला नाही. ठिणगी आठवडाभर जमिनीवर नव्हता.

मग शेतकरी गटापुढे प्रयोग. गट चालवणाऱ्या ताईंनी आधीच बजावलं, "बियाणं आहे हे. नासलं तर हे धूड परत इथे दिसता कामा नये." त्यांच्या पोत्यातल्या शेंगा ओतल्या, हँडल फिरलं. मोठ्या शेंगांचा भुगा झाला. बारीक शेंगा जावईबापूंसारख्या, अंगाला धक्का न लागता खाली उतरल्या.

"भुकटीचं यंत्र झकास जमलंय," ताई म्हणाल्या.

घरी येऊन ठिणगी आईवर भडकला. "इथे कसं चालत होतं मग?"

"मी एकसारख्या निवडून देत होते ना. पाहुणे यायचे म्हटल्यावर घर झाडतोच की आपण."

"मी यंत्र तपासत होतो, आई. आणि तू मला पास करत होतीस."

"आई कशाला असते मग?"

जेवणं झाली. हात धुताना त्याने विचारलं, "निवडायचीस कशी?"

"भोकं पडलेली जुनी पाटी आहे ना, तिच्यातून. जाड वर राहतात, बारीक खाली."

ती पाटी आता यंत्राच्या डोक्यावर बसलीय, म्हणजे तिच्या मापाची चाळणी. खाली जाड शेंगांना एक जाळी, बारीक शेंगांना दुसरी. श्रेय कोणाचं यावर घरात रोज भांडण आहे.

ताईंनी अजून एकच संधी दिलीय, येत्या रविवारी. तेव्हा तुमच्या शेतातल्या वाकड्या, पोचट, मातीने भरलेल्या शेंगा घेऊन या. आणि हात जोडून सांगतो, निवडून आणू नका. आईला त्या दिवशी आम्ही तिच्या भावाकडे धाडतोय.