नकाशावर आहोत, यादीत नाही

"तुमच्या वाडीची घरं यादीतून काढून टाक. वास येतो तिकडे. पाहुणे नाक मुरडतात."

सर हे बोलले तेव्हा ऑफिसात सगळे होते. कुणाची मान वर झाली नाही. कीबोर्डचा आवाज तेवढा थांबला. मग सर हसले आणि म्हणाले, "तुझ्याच हातानं होऊ दे. म्हणजे उद्या कुणी बोंब मारली तर सांगता येईल, तुमच्याच मुलीनं केलंय."

राग नंतर आला. आधी लाज आली, आणि ती कशाची आली हे मला आजही कळत नाही. वास त्यांना येत होता आणि लाज मला वाटत होती.

ह्या माणसाला मी सर म्हणायचे. सवय जात नाही, म्हणून इथेही सरच लिहिते. आदर समजू नका. कणकवलीत हार्डवेअरच्या दुकानावर एक मजला, तिथे आमचं ऑफिस. सर काही वर्षं पुण्यात नोकरी करून आले आणि इथे येऊन मालक झाले. हातात कायम कॉफीचा मोठा मग. त्यात बहुतेक वेळा काही नसायचंच, नुसता मिरवायचा. कामाचं बोलताना शुद्ध मराठी. फुकट थांबवून घ्यायचं असलं की लगेच मालवणी सुटायची. "अगो बाय, आज जरा थांब गो."

मी रोज गावाहून यायचे. तळेऱ्याला एसटी बदलून. शेजारी कुणी बसलं की आपसूक अंग चोरून घ्यायचे. डब्यात मासे नसायचे तरी चोरून घ्यायचे. ही सवय अंगात कोण घालतं? कुणी शिकवत नाही. आपोआप मुरते.

काम होतं आमच्याच गावचं. पर्यटन मंडळाला वेबसाइट हवी होती. पाहुण्यानं मोबाइलवर पान उघडायचं, गावात कुठे राहता येईल ते बघायचं, खोली ठरवायची. मंडळाचे अध्यक्ष आप्पा. गावात सगळे त्यांना आप्पाच म्हणतात. कलमांच्या बागा, समुद्रावर एसी खोल्या, आणि दारात पांढरी गाडी. किनाऱ्यालगतच्या आमच्या मच्छीमार वाडीतही गेल्या काही वर्षांत बायकांनी घराला एकेक खोली काढली. पाहुणे येतात, ताजे मासे जेवतात, खूश होऊन जातात. माझ्या आईनंही काढली. बाबा गेल्यावर माशांची पाटी डोक्यावर घेऊन ती गावभर फिरली. आता गुडघे साथ देत नाहीत. ती खोली भरली तरच घर चालतं.

माझं काम काय ते सांगते, अवघड काही नाही. असं पान तुकड्यातुकड्यांनी बनतं. यादी हा एक तुकडा, नकाशा हा दुसरा, वरचा फोटो तिसरा. त्याला कंपोनंट म्हणतात. घरांची माहिती पानात नसते, ती लांब कुठेतरी सर्व्हरवर असते. पान उघडलं की तुकडा तिकडे निरोप धाडतो, घरांची माहिती दे. उत्तर येईस्तोवर एक चक्र फिरत राहतं. आलं की दाखवायचं. नाही आलं तर तसं सरळ सांगायचं. हा निरोप जायचा आणि उत्तर यायचा जो ठरलेला रस्ता, तो एपीआय.

मी पहिल्यांदा निरोप धाडला तेव्हा उत्तर कच्चंच स्क्रीनवर ओतलं. सजावट नाही, काही नाही. सगळं गाव एका ओळीत. आप्पांचं घर, आणि त्याच्या लगेच खाली माझ्या आईचं नाव. मध्ये कुंपण नाही, गडगा नाही. मला हसूच आलं. मी फोटो काढून आईला धाडला. तिचा व्हॉइस मेसेज आला, "आमचा नाव थंय कसा इला गो?" तिला आनंद झाला होता की भीती वाटली होती, मला सांगता येणार नाही. बहुतेक दोन्ही.

कारण आप्पांचं पुढचं दार आम्हाला माहीत होतं.

मी सहावीत होते. आईबरोबर पाटी घेऊन गेले होते. मासे विकणाऱ्या बाईनं मागीलदारी जायचं, पाटी चुलीमागच्या पायरीवर ठेवायची, हाक मारायची, ही रीत. त्या दिवशी मागे कुत्रा सुटला होता. मी घाबरले आणि पळत पुढून आले. थेट खळ्यात, घरापुढच्या अंगणात. तुळशीजवळ उभी राहिले. आप्पांची आई पडवीत झोपाळ्यावर बसली होती. ओरडली नाही ती. आवाजसुद्धा चढवला नाही. नुसतं म्हणाली, "तिच्या आवशीक बोलवा. खळा सारवून जाऊंदे."

आईनं पाटी बाजूला ठेवली. शेण कालवलं. लुगडं खोचलं आणि अख्खं खळं सारवलं. मी जिथून आले तिथपासून तुळशीपर्यंत. मासे तसेच उन्हात. आप्पा तेव्हा चाळिशीचे असतील. ते पडवीत पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं. घरी जाताना आईनं मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं.

तर असं ते घर. आणि असे ते सर.

यादीतून घरं काढायचं काम मी केलं नाही. आज करते, उद्या करते, असं म्हणत राहिले. शेवटी सरांचा पारा चढला. "एवढी एक ओळ जमत नाही? सरक." माझ्या खुर्चीत बसले. कॉफीचा मग टेबलावर ठेवला आणि माझ्याच डोळ्यांसमोर आमच्या वाडीचं नाव टाइप केलं. ज्या घराच्या पत्त्यात हे नाव, ते घर दाखवू नकोस. उत्तरात सगळी घरं यायची तशी येतच राहणार, फक्त दाखवताना आमची बाहेर टाकायची. सुपातून पाखडल्यासारखी. वर मला म्हणाले, "बघ, किती सोपं आहे."

सोपं होतंच. माणसं वगळायला कधी अवघड गेलंय तुम्हाला?

पण ते आळशी. दुस्वास करायचा तर तोही धड करता येत नाही. नकाशाचा तुकडा स्वतःच्या पायावर उभा होता, तो वेगळा निरोप धाडून सगळी घरं मागवायचा. आधी मीच विचारलं होतं, उत्तर एकदाच आणून दोघांत वाटूया का? तर म्हणाले, "वेळ नाही, नकाशाला स्वतंत्र मागू दे." त्यांनी यादी झाडली आणि कॉफीचा मग उचलून गेले. नकाशाकडे बघितलंसुद्धा नाही. मी काही बोलले नाही. मला विचारलं कुठे होतं कुणी?

आणि पानाच्या वरचा फोटो? सांगते. आमची रापण, सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावर ओढायचं मोठं जाळं. पहाटेचा किनारा, दोरीला लागलेली माणसं, पुढे पाठमोरा माझा काका. उघडी पाठ, मिठानं पांढरी पडलेली. त्याखाली लिहिलं होतं, 'अस्सल कोकण अनुभवा'. रापण बघायची, फोटो काढायचे, मासे चापून खायचे. आणि ज्यांनी ती ओढली त्यांच्या घराचा वास! वा रे वा, काय ते नाक.

गावात पान दाखवायचा कार्यक्रम शाळेच्या हॉलमध्ये झाला. पुढच्या खुर्च्यांवर आप्पा आणि मंडळी. आमच्या वाडीतल्या बायका मागे, सतरंजीवर. आई त्यांच्यात. नवी चादर घेतली होती तिनं खोलीसाठी, चुना मारून घेतला होता. माइकवर सर. पडद्यावर आधी रापण आली, टाळ्या पडल्या. मग सरांनी नकाशा उघडला.

समुद्राच्या कडेनं लाल खुणाच खुणा. आमची वाडी भरून गेली होती.

शेजारची काकी उठून उभीच राहिली. "माझा घर! ता बघ, माझा घर!" बायका हसायला लागल्या. एकमेकींना ढोसून घरं दाखवायला लागल्या. कुठली खूण कुणाची हे सरांना कुठे ठाऊक, त्यांना वाटलं कौतुक चाललंय. तोऱ्यात त्यांनी आमच्या वाडीवरच बोट ठेवलं. बाजूला यादी उघडली. यादी रिकामी. त्यावर एक वाक्य, 'या भागात राहण्याची सोय उपलब्ध नाही.'

मागून कुणीतरी ते मोठ्यानं वाचलं.

"सोय नाय?" काकी म्हणाली. "मगे माझ्याकडे जेवान गेले ते कोण? भुतां?"

सरांच्या कपाळावर घाम. "तांत्रिक अडचण आहे. डेटा नीट लोड झाला नाही." मग त्यांची नजर मला शोधायला लागली. सापडले मी. "आमची ही मुलगी नवीन आहे, तिच्याकडून राहून गेलंय. तुमच्याच गावची. सांग गो बाय तूच." आणि माइक माझ्या हातात.

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. नोकरी राहिली असती. आईनं मागून मान हलवली, गप रव, असं. मी तिच्याकडे बघितलं आणि मला खळं आठवलं. वाकलेली पाठ आठवली. आप्पांनी पेपरचं पान उलटलं तो आवाज आठवला. पुढच्या खुर्चीत आताही ते मोबाइल चाळत होते.

मी मालवणीतच बोलले. शुद्ध मराठी त्यांना लखलाभ.

"राहान गेला नाय. डेटा बरोबर इलो. सगळी घरां इली. आमच्या वाडीची ह्येंनी मुद्दाम काढल्यानी. वास येता म्हणान. माका सांगितल्यानी काढूक. मी काढूक नाय, तेवा आपल्या हातान काढल्यानी."

मग लॅपटॉपकडे गेले आणि सर्व्हरचं कच्चं उत्तर पडद्यावर उघडलं. होतं तसं. आप्पांचं घर. त्याखाली माझ्या आईचं नाव. सगळ्यांना दिसेल एवढं मोठं केलं.

काकीचा आवाज छपराला लागला. "शिरा पडो तुझ्या तोंडार, मेल्या! बांगडो गिळताना येणा नाय तो वास?"

सरांनी कॉफीचा मग उचलून ओठाला लावला. रिकामा मग. आप्पा मात्र शांत. जवळ आले, हळू म्हणाले, "चार माणसांत असा बोलाचा नसता गो. सांजेक घराकडे ये. मागीलदारान ये. बसान बोलूया."

मागीलदारान! अख्ख्या गावासमोर नाक कापलं गेलं, तरी ह्यांना मागचंच दार सुचतं.

मी गेले नाही. दुसऱ्या दिवशी सरांचा मेसेज आला, येऊ नकोस म्हणून. शुद्ध मराठीत.

पान चालू झालंय. काल मी मोबाइलवर उघडलं. चक्र फिरलं, उत्तर आलं. मी ते कच्चं उघडून बघितलं. आमची घरं उत्तरातच नाहीत. काढायची ती आता सर्व्हरवरच काढतात, आतल्या आत. आता कुणी कितीही उघडून बघो, सापडणार नाही. नकाशावर आमच्या वाडीच्या जागी नुसती वाळू. एवढं मात्र ते शिकले. माज सोडायला नाही, लपवायला शिकले. आणि वर रापणीचा फोटो तसाच आहे. माझ्या काकाची पाठ सगळ्यात आधी येते.

मी तो मोबाइल आईसमोर धरला. तिनं बराच वेळ बघितला. मग म्हणाली, "उद्या आप्पाकडे जावया. मी येतंय." काका म्हणाला, "घरां नाय तर माझी पाठ पण नाय. तेंच्या पाहुण्यांक रापण दाखवची नाय." काकीला तर सांगावंच लागलं नाही.

विनंती करायला जात नाही आम्ही. आमची घरं परत येतील किंवा फोटो खाली उतरेल, दोनातलं एक. तिसरं काही ऐकून घेणार नाही. आप्पा, ऐकलं नाहीत तर तुमच्या दारात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी सांगेन की ह्या किनाऱ्यावर कोण राहतं आणि तुम्ही काय लपवलंय. ही नोकरी कुणी काढून घेऊ शकत नाही.

सकाळी उजेडी जाऊ. पुढच्या दारानं. आप्पांच्या खळ्यात आता गुळगुळीत लादी आहे, शेण चालायचं नाही तिथे. बाटलं वाटलं तर त्यांनी स्वतः फडकं घ्यावं आणि वाकावं. माझी आई वाकणार नाही.