हरताना बंद केलेला फीडर

गेममध्ये हरत होतो, म्हणून मी अख्ख्या भागाची वीज बंद केली. हे आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

तेव्हा मी देवरीकडच्या एका सबस्टेशनला ऑपरेटर होतो. फीडर म्हणजे सबस्टेशनातून एकेका भागाला वीज नेणारी लाइन. लोडशेडिंगच्या वेळेला फीडर बंद करायचा, वेळ संपली की चालू करायचा, हे माझं काम. लोक त्या टाइमटेबलवर दळण, पंप, सगळं बसवत.

दुपारच्या ड्युटीत मी लॅपटॉपवर लढाईचा ऑनलाइन गेम खेळायचो. विरुद्ध बाजूने मित्र रहांगडाले, त्याचं घर माझ्याच फीडरवर. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं सायबर कॅफे. गेम रियल-टाइम, म्हणजे तुम्ही थांबलात तरी शत्रू थांबत नाही. मीटरचं रीडिंग घेऊन येईपर्यंत माझा किल्ला पेटलेला असे. त्या दिवशीही पेटला. शेडिंगला अजून वेळ होता. हात फीडर तोडणाऱ्या ब्रेकरच्या स्विचकडे गेला आणि फीडर बंद. रहांगडाले नेटवरून गायब, स्क्रीनवर मी विजयी.

लगेच त्याचा फोन.

"लाइट काऊन गेली गा? टाइम हाये ना अजून! मायले वाफेची मशीन लावून होती. दम लागून रायला तिले."

आईला दमा. शेडिंगच्या आधी संपेल असं बघूनच तो मशीन लावायचा.

"ट्रिप झाला. देतो, देतो."

ट्रिप म्हणजे बिघाडामुळे लाइन आपोआप बंद पडणं. बिघाड मीच होतो.

फीडर चालू केला. फोन कानालाच होता. पलीकडे मशीनची घरघर सुरू झाली. बऱ्याच वेळाने माय बोलली, "कोन हाये रे फोनवर? जेवला काय म्हना त्याले."

मग मी फोन ठेवला.

इंजिनीअर साहेबांनी विचारलं, "फीडर कायले बंद होता?"

"ट्रिप, सर."

"आता चालू हाये ना? मग ठीक."

संध्याकाळी रहांगडाले म्हणाला, "फुकटचा जितला बे तू!"

मी म्हटलं, यापुढे पाळीपाळीचा गेम खेळू. त्यात तुमची चाल झाली की समोरच्याची. त्याने उद्या खेळली तरी चालतं. एक चाल खेळायची, रीडिंग घ्यायचं, फोन उचलायचा. लाइट गेली तरी डाव जिथल्या तिथे राहतो. विचार करायला वेळ मिळतो, आणि माणूस सावकाश हरला की त्याचा हात स्विचकडे जात नाही.

त्यानंतर मी पुष्कळ डाव हरलो. ड्युटीत चूक झाली नाही.

माय अजून आहे. गेलो की जेवणाचं विचारते. ट्रिप नव्हता, मी बंद केला होता, एवढं तिला आणि तिच्या पोराला सांगणं माझ्याकडे बाकी आहे.