रेवणप्पांच्या गाडीचा टप

१९ एप्रिल १९८६, तीन हजार एकशे पंच्याहत्तर रुपये. रेवणप्पांनी आपल्या उघड्या गाडीवर पत्र्याचा टप बसवून घेतला, त्याचा हा खर्च. कापडी हूड नवा शिवून घेतला असता तर साडेसहाशेत भागले असते. पण अडचण पैशांची नव्हती. घरात माणसे यावीत की बायकोला श्वास घेता यावा, एवढाच प्रश्न होता.

रेवणप्पांची लातूरच्या गंजगोलाईत तुरीची अडत. मी बँकेत हिशेबनीस, त्यांच्या माडीवर भाड्याने राहत होतो. गाडी त्यांनी हैदराबादेत घेतली होती. विलायती बनावट, दोनच सीट, लाल रंग, मागे घडी घालता येणारा कापडी हूड. ती लातुरात आली त्या दिवशी त्यांचे चुलतभाऊ गुरुपादप्पा सगळ्यांसमोर म्हणाले होते की दोन सीटची गाडी घेतलीस, बरं केलंस, तुला तिसरी लागणार कुठं. रेवणप्पा आणि गौरम्मांना मूलबाळ नव्हते. लोक हसले. रेवणप्पाही हसले.

पण त्याच गाडीने त्यांच्याकडे माणसे आणली. हूड मागे टाकला की त्यावर नवरदेवाला ऐटीत बसवता यायचे. लग्नसराईत वरातीसाठी गाडी मागायला रोज कोणीतरी दारात असायचे. लातूर वेगळा जिल्हा झाला, बदलून आलेले अधिकारी वाढले, तेही मागू लागले. रेवणप्पा भाडे घेत नसत. गाडी मागायला आलेल्याने बसावे, चहा घ्यावा, पत्रिका द्यावी, एवढीच अपेक्षा. गौरम्मा प्रत्येकाला कुठल्या गावचे, मुलगी कुठली, मानपान ठरले का, असे सगळे विचारायच्या आणि पुढे वर्षभर त्या लग्नांची आठवण काढायच्या. बऱ्याच लग्नांना प्रत्यक्षात त्यांना कोणी बोलावलेले नसे.

गौरम्मांना दमा होता. नव्या जिल्ह्याचे रस्ते जिकडेतिकडे खोदलेले, त्यात पाऊस नाही. टँकरमागून उठलेली धूळ तासभर खाली बसत नसे. त्यांची बहीण लातूरजवळच्या मुरुडला राहायची. महिन्यातून एकदा तिच्याकडे जाणे हा त्यांचा एकुलता एक प्रवास. त्या उन्हाळ्यात जुना हूड जागोजागी फाटला होता. मुरुडहून आल्यावर गौरम्मा दोन दिवस उशीला टेकून बसून राहिल्या. आडवे होणे जमत नव्हते.

रेवणप्पा औसा रोडवर बॉडी बांधणाऱ्याकडे गेले. त्याने सांगितले की कापडाचा कितीही चांगला शिवला तरी कडेने धूळ येणार. पत्र्याचा करा, काचा बसवा, धूळ बंद. रेवणप्पांनी घरी येऊन हे सांगितले तेव्हा मी तिथेच बसलो होतो. गौरम्मा म्हणाल्या, कापडाचाच शिवा.

"तुला श्वास पुरत न्हाई," रेवणप्पा म्हणाले.

"लोक गाडीसाठी येत्यात, मला काय कळत न्हाई व्हय? पर येत्यात न्हवं. टप बसवल्यावर कोण येईल सांगा."

दुसऱ्या दिवशी रेवणप्पांनी टपाचे काम सांगितले. तिथला कारागीर व्यंकटी याने बोल्ट सुचवले होते, म्हणजे लग्नसराईत टप काढून ठेवता येईल. पण बोल्टाला फट राहते म्हणून रेवणप्पांनी रिव्हेट मारायला लावले. पक्का बसव, पुन्हा काढायचा नाही, असे ते म्हणाले.

धूळ खरोखर कमी झाली. उन्हे व्हायच्या आत ते दोघे मुरुडला निघायचे, काचा वर करून. गौरम्मा परतल्यावर स्वतः जिना चढून मला बहिणीकडची भाकरी-चटणी द्यायला येत. मात्र दारातली वर्दळ थांबली. मे महिन्यात चाकूरचे एक गृहस्थ पुतण्याच्या वरातीसाठी गाडी विचारायला आले. गौरम्मांनी आतून आवाज ऐकून चहा ठेवला. गृहस्थांनी टपावर दोनदा थाप मारून पाहिली, आता काही उपयोग नाही म्हणाले आणि उभ्याउभ्याच गेले. तो चहा मग आम्ही तिघांनी घेतला.

पुढच्या जानेवारीत, थंडीत, गौरम्मांना छातीचा त्रास झाला आणि त्या गेल्या.

रेवणप्पांच्या समाजात गेलेल्या माणसाला आडवे नेत नाहीत. कपाळाला भस्म लावून, बसवून, चेहरा सगळ्यांना दिसेल असे नेतात आणि मातीही बसलेल्या स्थितीतच देतात. गुरुपादप्पांनी ट्रॅक्टर सांगितला होता. त्यावर विमान, म्हणजे बसवून न्यायचे मखर, बांधायला केळीचे खांबही आले होते. रेवणप्पा म्हणाले, गाडीतून न्यायची. गुरुपादप्पांनी समजावले की टपाखाली तोंड कोणाला दिसणार, लोक काय म्हणतील. रेवणप्पांनी कोणालातरी सायकलवर पिटाळून व्यंकटीला बोलावून घेतले.

व्यंकटी गाडीभोवती फिरला. "आप्पा, ह्यो निघत न्हाई. कापावा लागंल. गाडी खराब व्हईल."

"काप," रेवणप्पा म्हणाले.

गॅस कटरने सीट जळेल म्हणून त्याने छिन्नी-हातोडा घेतला. दोन तास ठोकाठोक चालली. आत बायका रडत होत्या, मध्येच गप्प होऊन आवाज ऐकत होत्या. टप निघाला तेव्हा कडेला पत्र्याचे दाते राहिले. त्यांवर व्यंकटीने गोणपाट गुंडाळले आणि त्यावर झेंडूच्या माळा टाकल्या.

गौरम्मांना त्यांच्या नेहमीच्या सीटवर बसवले. गाडी रेवणप्पांनी स्वतः चालवली, पहिल्या गिअरमध्ये, भजनी मंडळाच्या मागे. गोलाईत दुकानदार पायऱ्या उतरून खाली आले. एवढी माणसे गौरम्मांसाठी येतील असे मला वाटले नव्हते. रेवणप्पा समोर पाहत होते. डावीकडे एकदाही पाहिले नाही.

गाडी आता अंगणात उभी असते, वर काहीच नसलेली. मी एकदा नव्या हुडाचे सुचवून पाहिले. कापडाचा शिवून घेतला तर लग्नवाले पुन्हा येऊ लागतील, असे म्हणालो.

"आले तर चहा कोण विचारणार?" एवढेच ते बोलले.

अडत ते पुतण्याला देणार आहेत. संध्याकाळी ते अंगणात खुर्ची टाकून बसतात आणि मी बँकेतून आलो की आज काय विशेष, असे विचारतात. विशेष बहुधा काही नसते. तरी मी काहीतरी सांगतो.

टप कापण्याचे चाळीस रुपये झाले होते. व्यंकटीने त्या दिवशी ते घेतले नाहीत, नंतर तो कामासाठी मुदखेडला गेला. ते चाळीस रुपये अजून द्यायचे आहेत.